पाठ टेकवलेली चालते, तोंड फोडलेलं नाही

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारी संध्याकाळी भाचा घरी आला तो डावा डोळा मिटूनच. जुन्या नाशकातलं आमचं घर, जिना अरुंद आणि उभा. पोरगं भिंतीला हात लावत चढतंय, हे नुसतं ऐकूनच अम्मीनं ओळखलं. गंगापूर रोडला एक क्लास आहे. तिथं पोरं जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकांना लाथाबुक्क्या घालतात आणि नंतर गळ्यात गळे घालून फोटो काढतात. एमएमए म्हणतात त्याला. भाच्याला सतरावं सरत आलंय. त्याच्या नानीनं, म्हणजे माझ्या अम्मीनं, फडक्यात बर्फ गुंडाळून डोळ्यावर धरला आणि विचारलं, "किसने मारा?"

"दोस्तानं मारलं नानी. खेळ आहे तो."

"खेल में दोस्त का मुँह फोडते?"

पोरगं गप्प बसलं. मग माझ्याकडे वळून म्हणालं, "मामू, हे हराम आहे का हो?"

मी मुफ्ती, म्हणजे फतवा देणारा जाणकार, नाही. शाळेत तीस वर्षं पीटी घेतली आणि अब्बा पैलवान होते, एवढीच माझी पात्रता. पण प्रश्न चांगला होता, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून सुटणारा नव्हता. थोडं वाचलं, ओळखीच्या दोन आलिमांकडे, म्हणजे धर्माच्या अभ्यासकांकडे, बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मराठी वर्तमानपत्रांत ‘पक्षानं फतवा काढला’ असं सर्रास छापतात, त्यामुळे फतवा म्हणजे हुकूम असं आपल्या डोक्यात बसलंय. फतवा म्हणजे मत. कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाला जाणकारानं दिलेलं उत्तर. दुसरा जाणकार वेगळं उत्तर देऊ शकतो आणि देतोही. सगळ्या मुसलमानांना बांधणारी एकच गादी इस्लाममध्ये नाही. शिवाय गोष्टी नुसत्या हराम-हलाल अशा दोनच खणांत पडत नाहीत. फर्ज, म्हणजे केलीच पाहिजे अशी. मुस्तहब, केली तर उत्तम. मुबाह, करा नाहीतर नका करू. मकरूह, टाळलेली बरी. आणि हराम. लढायचे खेळ या पाचही खणांत फिरतात. कुठला खेळ, कसा खेळता, कशासाठी खेळता, यावर खण ठरतो.

आता सुरुवात कुस्तीपासून, कारण परंपराही तिथूनच सुरू होते.

मक्केत रुकाना नावाचा एक दांडगा पैलवान होता, त्याची पाठ कुणी लावली नव्हती. त्यानं पैगंबरांशी कुस्ती धरली आणि पैगंबरांनी त्याला पाडलं, अशी हदीस अबू दाऊद आणि तिरमिझी यांच्या संग्रहांत आहे. गंमत म्हणजे, ती नोंदवून तिरमिझींनीच पुढं शेरा मारलाय की हिची साखळी पक्की नाही. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची आठवण, अमक्याकडून तमक्यानं ऐकलं अशा साखळीतून आलेली, आणि त्यातली एखादी कडी कच्ची असेल तर ते सांगून टाकायची पद्धत आहे. दुसरी हकीकत उहुदच्या लढाईची, इसवी सन ६२५ ची. लहान पोरांना पैगंबर सैन्यातून परत पाठवत होते. राफे नावाच्या पोराला तीर चांगला मारतो म्हणून ठेवून घेतलं. तेव्हा समुरा नावाचा दुसरा पोरगा तक्रार करत आला, याला घेता आणि मला नाही, मी तर याला कुस्तीत पाडतो! लावा म्हणाले कुस्ती. समुरानं राफेला पाडलं, त्यालाही घेतलं. यात्रेतल्या हगाम्यात रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, तिथं अशी हुज्जत घालणारी पोरं मी दरवर्षी बघतो.

ईदच्या दिवशी मदिनेच्या मशिदीत हबशी लोक भाले घेऊन खेळ करत होते आणि पैगंबरांनी हजरत आयेशांना तो खेळ उभं राहून बघू दिला, हे बुखारींच्या संग्रहात आहे. ‘दुबळ्या मोमिनापेक्षा (श्रद्धावानापेक्षा) ताकदवान मोमिन अल्लाहला जास्त प्रिय आहे, आणि भलं दोघांतही आहे’ ही हदीस इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातली. थोडक्यात, अंग कमावणं, पेच टाकणं, नेम धरणं याला कुणी नाक मुरडलेलं नाही. उलट शाबासकी आहे.

आपल्या तालमीची भाषाच बघा ना. कुस्ती फारसीतून आलेली, पैलवान फारसी, खुराक फारसी, तालीम अरबी, इनाम अरबी, वस्ताद म्हणजे उस्ताद, आणि आमच्याकडचा हगामा म्हणजे फारसीतला हंगामा. हौदातली लाल माती इथली, शड्डू इथला, मारुतीची तसबीर इथली. अब्बा हौदात उतरताना मातीला हात लावून तो छातीला लावायचे. तसबिरीला हार घालायचं काम दुसऱ्या पठ्ठ्याकडे असायचं. वस्तादांनी त्यावरून त्यांना एका शब्दानं कधी विचारलं नाही, आणि अब्बांनीही कधी भाषण दिलं नाही.

मग अडतं कुठं?

अडतं एका छोट्या वाक्यावर: ‘ला जरर वला जिरार.’ इजा करू नये, आणि इजेला इजेनं उत्तर देऊ नये. ही हदीस इमाम मालिक आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे. इतकी महत्त्वाची, की पुढं ती कायद्याचं सूत्रच झाली. उस्मानी तुर्कांनी १८६९ ते १८७६ या काळात शरियतचा दिवाणी कायदा कलमवार लिहून काढला, त्यात एकोणिसावं कलम म्हणजे हेच वाक्य. आपला मराठी ‘इजा’ हा शब्दही अरबीतून आलेला, आणि ‘जरूर’ हा तर या ‘जरर’चा सख्खा भाऊ, एकाच धातूचा. सोबतीला कुरआनच्या दोन आयती नेहमी येतात. बकरा सूरेत १९५ वी, आपल्याच हातानं स्वतःला विनाशात लोटू नका. आणि निसा सूरेत २९ वी, स्वतःचे जीव घेऊ नका.

यामागचा विचार असा की शरीर माझ्या मालकीचं नाही, ती अमानत आहे, माझ्याकडे सांभाळायला दिलेली ठेव. शेजाऱ्यानं गावाला जाताना पितळी हंडा ठेवायला दिला तर त्यात मी चणे भाजू शकत नाही. तसं.

पण मग कुस्तीतही हाडं मोडतात की. फुटबॉलमध्ये गुडघे जातात, क्रिकेटचा चेंडू डोक्यात बसतो. ते का चालतं? इथं फिक्हवाले, म्हणजे धर्मशास्त्राचे कायदेपंडित, एक बारीक रेघ ओढतात. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म त्या रेघेत आहे. इजा हा खेळातला अपघात आहे, की खेळाचा हेतूच इजा आहे? कुस्तीत गुण कशाला? पाठ लावायला. समोरच्याचा खांदा निखळला तर पंच शिट्टी मारतो, कुस्ती थांबते, पाणी येतं. मुष्टियुद्धात गुण कशाला? ठोसा बसायला. आणि सगळ्यात मोठा विजय कोणता? समोरचा बेशुद्ध पडणं. एका खेळात इजा झाली की खेळ थांबतो, दुसऱ्यात इजा झाली की खेळ जिंकला जातो. सत्तर वर्षांच्या माझ्या अम्मीनं बर्फ धरून हेच विचारलं होतं, फक्त तिला ‘मकासिद’ हा शब्द माहीत नव्हता.

मकासिद म्हणजे शरियतचे हेतू. इमाम गझालींपासून पंडितांनी पाच गोष्टींचं रक्षण हा कायद्याचा पाया मानलाय: धर्म, जीव, बुद्धी, वंश आणि मालमत्ता. यातली बुद्धी इथं लक्षात ठेवा. दारू हराम का, तर ती बुद्धीवर पडदा टाकते. मग मेंदूला झटका देऊन माणूस आडवा पाडणारा खेळ कुठं बसतो, हा प्रश्न आपोआप येतो.

त्यात चेहऱ्याची बाब आणखी वेगळी. ‘तुमच्यातला कुणी लढला तर त्यानं चेहरा टाळावा’ ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या सगळ्यात भरवशाच्या मानलेल्या दोन्ही संग्रहांत आहे, म्हणजे साखळीबद्दल वाद नाही. लढाईत, भांडणात, शिक्षा देतानासुद्धा तोंडावर नाही. जनावराच्या तोंडावर डाग द्यायलाही मनाई. एका गाढवाच्या तोंडावर डागलेलं पाहून पैगंबरांनी तसं करणाऱ्याचा धिक्कार केला होता. भाषण, दृष्टी, श्वास, ओळख हे सगळं चेहऱ्यातच, असं कारण भाष्यकार देतात. काही जण म्हणतात, ही हदीस रागातल्या मारामारीबद्दल आहे, दोघांच्या संमतीनं चाललेल्या खेळाबद्दल नाही. पण बहुतेक आलिमांचं म्हणणं, रागात असतानाही जे टाळायला सांगितलंय, ते मजेसाठी करायला कसं चालेल?

ही एक चाळणी हातात धरा आणि खेळ चाळून बघा. कुस्ती, ज्युदो अलगद खाली पडतात. त्यात मारणंच नाही. तलवारबाजीत मुखवटा असतो आणि पातं बोथट. कराटेच्या स्पर्धेत ठोसा आवरून मारायचा असतो, जोरात लागला तर मारणाऱ्यालाच दंड. तायक्वांदोत तोंडावर ठोसा चालत नाही, पण डोक्यावर लाथ बसली की तीन गुण, छातीवरच्या लाथेपेक्षा जास्त. म्हणजे अर्धवट अडकतो. मुष्टियुद्ध, किकबॉक्सिंग आणि भाच्याचं एमएमए मात्र चाळणीतच राहतात.

त्या रविवारनंतर मी त्याच्या क्लासला जाऊन बसलो. पोरं सभ्य होती, मास्तर शिस्तीचे. एका पोराचा ग्लोव्ह मागून घेतला आणि हातात चढवला. आतून ओलसर, घामट, पावसाळ्यात बॅगेत राहिलेल्या मोज्यांसारखा वास. पण मूठ वळली आणि भिंतीवरच्या पिशवीवर एक ठेवून दिली तेव्हा जे कळलं, ते वाचून कळलं नव्हतं. मनगट बांधलेलं, बोटांवर फोमची गादी. हाताला काहीच लागत नाही, म्हणून हात घाबरतच नाही. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं तर आधी आपली बोटं मोडतात. ग्लोव्ह घातला की ती भीती संपते आणि डोकं हे बिनधास्त मारायचं ठिकाण होतं. १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह सक्तीचे केले. त्यानं रक्त कमी दिसायला लागलं खरं, पण सांभाळला गेला तो मारणाऱ्याचा हात. मार खाणाऱ्याचा मेंदू तिथंच राहिला.

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर आडवा ठोसा बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू मागे राहतो आणि मग ओढला जातो. त्या ताणानं आतले तंतू दुखावतात. माणूस कोसळतो तो मानेतली ताकद गेली म्हणून नव्हे. मेंदूचं काम क्षणभर बंद पडलं म्हणून. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरनं लिहिलं की बरेच जुने मुष्टियोद्धे दारू न पिता झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात. आता याला सीटीई असं नाव आहे, आणि पक्कं निदान मेल्यानंतर मेंदू तपासूनच होतं. बेशुद्ध पाडणारा एखादा ठोसाच नव्हे, तर वर्षानुवर्षं सरावात बसणारे छोटे धक्केही साचत जातात, हे त्यातलं वाईट. १९८३ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेनं मुष्टियुद्धावर बंदी घाला अशी शिफारस केली होती. आइसलँडनं तर १९५६ मध्येच बंदी घातली, स्वीडननं १९७० मध्ये आणि नॉर्वेनं १९८१ मध्ये व्यावसायिक मुष्टियुद्ध बंद केलं. पुढं ते नियम सैल झाले. म्हणजे हा काही फक्त मौलवींनी काढलेला कळीचा मुद्दा नाही.

मौलवींचं सामूहिक मत आलं ते १९८७ मध्ये, मक्केत. राबिता अल-आलम अल-इस्लामी या संस्थेच्या फिक्ह परिषदेनं आपल्या दहाव्या बैठकीत ठरवलं: मुष्टियुद्ध हराम. कारणं दिली ती बरीचशी डॉक्टरी होती. दृष्टी जाऊ शकते, मेंदूला कायमची इजा होते, हाडं मोडतात, जीवही जातो, आणि मारणाऱ्यावर त्याची काही जबाबदारी येत नाही. जी कुस्ती इजा करायची मुभा देऊन खेळतात, तीही त्याच रांगेत. पण पुढं साफ लिहिलं की व्यायामासाठीची, इजेला मुभा नसलेली कुस्ती जायज आहे. त्याच ठरावात बैलांशी झुंजायच्या स्पॅनिश खेळालाही मनाई केली. जनावरांच्या झुंजी लावायला हदीसमध्ये आधीच मनाई आहे. कोंबड्यांची झुंज लावायची नाही आणि माणसांची लावायची, हे गणित कसं जुळणार?

भाच्यानं इथं हात वर केला. "पण मामू, दोघांची मर्जी असते ना. कुणी जबरदस्ती थोडीच करतंय?"

हा त्याच्या पिढीचा सगळ्यात पक्का मुद्दा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मक्केच्या ठरावात याचं उत्तर आहे: एखादा म्हणाला ‘मला मार, जीव घे माझा’, तरी घेणारा सुटत नाही. ठेव माझी नसेल तर ती मोडायची परवानगी मी कुठून देणार? पण भाच्याला जास्त पटलं ते आपल्याच देशाच्या कायद्यातलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ८७ वं कलम होतं, आता न्याय संहितेत ते २५ वं. अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल तर खेळात झालेली इजा गुन्हा ठरत नाही. कलमाखाली उदाहरण दिलंय तलवारबाजीचं, दोघं करमणुकीसाठी पट्टा खेळतात आणि नियम पाळूनही एकाला लागतं. पण अट अशी की जीव घ्यायचा किंवा जबर दुखापत करायचा इरादा नसावा. संमती कुठवर पुरते याची रेघ तिथंही आहे. आणि ‘अठरा वर्षांवरच्या’ हा शब्द ऐकून साहेब जरा खाली बघायला लागले.

मग मुहंमद अली? हा प्रश्न येणारच. विसाव्या शतकात जगातला सगळ्यात ओळखीचा मुसलमान कोण, तर मुष्टियोद्धा. १९६४ मध्ये त्यानं धर्म जाहीर केला, व्हिएतनामच्या युद्धाला जायला नकार देऊन जगज्जेतेपदाचा किताब गमावला, ६१ व्यावसायिक लढती खेळला, ५६ जिंकला. आमच्या घरी अब्बांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला त्याचा मासिकातून कापलेला फोटो होता. पण अलीनं केलं म्हणून जायज, असा नियम असता तर मुफ्ती कशाला लागले असते? माणूस मोठा आणि त्याचा धंदा वादाचा, हे दोन्ही खरं असू शकतं. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं तेव्हा तो फक्त ४२ वर्षांचा होता. ते ठोशांमुळेच झालं का यावर डॉक्टरांचं एकमत नाही. पण शेवटची वर्षं थरथरत्या हातांनी वावरणारा अली ज्यांनी टीव्हीवर पाहिला, त्यांना आकडेवारी लागत नाही.

दुसरं नाव भाच्याच्या भिंतीवर आहे, दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव. २९ लढती, एकही हार नाही. याची कथा मला दोन कारणांसाठी उपयोगी पडली. पहिलं, २०१८ मध्ये आयर्लंडच्या मॅकग्रेगरला हरवल्यावर तो पिंजऱ्यावरून उडी मारून मॅकग्रेगरच्या साथीदारावर धावून गेला. त्याबद्दल पाच लाख डॉलर दंड आणि नऊ महिने बंदी. बुखारी-मुस्लिममधली हदीस अशी: बलवान तो नव्हे जो लोकांना कुस्तीत पाडतो, बलवान तो जो रागात स्वतःला आवरतो. जिंकला पिंजऱ्याच्या आत आणि पडला बाहेर, असं मी म्हटल्यावर भाचा रुसला. रुसू दे.

दुसरं कारण वजनाचं, आणि याकडे कुणी बघतच नाही. मार्च २०१७ मध्ये खबीब लढतीच्या आदल्या दिवशी वजन उतरवता उतरवता इस्पितळात पोचला, लढत रद्द झाली. अमेरिकेत १९९७ मध्ये महिन्याभराच्या काळात तीन कॉलेजची कुस्तीगीर पोरं वजन कमी करताना मेली. रबरी सूट घालून घाम काढणं, पाणी बंद, थुंकत राहणं. तिथले नियम त्यानंतर बदलले. आणि आपल्याकडची विनेश फोगाट तर ताजीच आहे. पॅरिसला २०२४ मध्ये ५० किलो गटात शंभर ग्रॅम जास्त भरलं आणि अंतिम लढत गेली. रात्रभर तिनं काय काय केलं ते सगळ्या देशानं वाचलं. अब्दुल्ला बिन अम्र नावाचे एक सहाबी, म्हणजे पैगंबरांचे साथी, होते, रोज रोजा ठेवायचे आणि रात्रभर नमाज पढायचे. पैगंबरांनी त्यांना अडवलं: तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे. इबादतीसाठीही शरीर पिळायला मनाई केलीय, तर काट्यावरच्या आकड्यासाठी? माझं स्पष्ट मत, ठोशाइतकीच चर्चा या उपाशी-तहानलेल्या रात्रींची व्हायला हवी. तालमीतल्या पोरांनाही हे लागू आहे, मुष्टियोद्ध्यांनाच नाही.

चर्चा होते ती मात्र कपड्यांची. पुरुषानं बेंबीपासून गुडघ्यापर्यंत झाकलेलं असावं हे बहुतेक पंडितांचं मत. लंगोट त्यात बसत नाही, हे उघड आहे. तुर्कांनी यावर फार पूर्वी तोड काढली: एदिर्नेच्या किर्कपिनार मैदानात तेल माखून कुस्त्या होतात, तिथं पैलवान गुडघ्याखाली येणारी कातडी विजार घालतात. २०१० मध्ये युनेस्कोनं त्या कुस्तीला आणि इराणच्या जुरखान्याला, म्हणजे तिथल्या तालमीला, वारशाच्या यादीत घेतलं. निजामाबादची निखत झरीन मुष्टियुद्धात २०२२ आणि २०२३ अशी दोनदा जगज्जेती झाली. पोरीनं हाफ पँट घालायचा खेळ खेळू नये असं नातेवाईक बोलायचे, हे तिच्या वडिलांनीच पत्रकारांना सांगितलंय. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेनं २०१९ मध्ये हिजाब आणि पूर्ण कपड्यांना परवानगी दिली. पण बघा, लोकांनी गुडघा पाहिला, डोकं पाहिलं नाही. जे शास्त्रात जास्त जड आहे तेच बोलण्यात हलकं झालं.

बाकीच्या गोष्टी भराभर. कराटेत वाकून नमस्कार करतात. नमाजातल्या रुकूसारखं माणसापुढं वाकू नये म्हणून बरीच पोरं छातीला हात लावून मान हलवतात, समजूतदार मास्तर चालवून घेतात. इनाम गावानं किंवा कमिटीनं लावलं तर बहुतेकांच्या मते हरकत नाही. दोन्ही पैलवानांनी आपापले पैसे लावून जिंकणाऱ्यानं सगळे उचलायचे, तो जुगार. सट्टा तर जुगारच. नमाजची वेळ चुकू नये, हे सांगायला आलिम लागत नाही.

राहता राहिलं ते हे, की सगळे आलिम एका सुरात बोलत नाहीत. पिशवीवर सराव, पॅडवर सराव, तोंड सोडून अंगावर हलका मार, याला बरेच जण मोकळीक देतात, विशेषतः स्वसंरक्षण शिकण्यासाठी. डोक्याला कवच घालून हलकं खेळलं तर मकरूहपर्यंतच जातं, असं म्हणणारेही आहेत. मला ते कवचाचं पटत नाही. कवचानं भुवई फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा थांबत नाही. ऑलिंपिकमध्येही २०१६ पासून पुरुषांचं कवच काढूनच टाकलंय.

महाराष्ट्रात या सगळ्याला एक सोपं उत्तर आधीपासून आहे. २०१८ ला बाला रफीक शेख महाराष्ट्र केसरी झाला, २०२३ ला सिकंदर शेख. २०२० ला गदा आणली हर्षवर्धन सदगीरनं, नाशिककडून खेळून. तेव्हा इथल्या तालमींत पोरांची रांग लागली होती. एकाही गदेसाठी कुणाच्या तोंडावर बुक्की मारावी लागली नाही.

भाच्यानं क्लास सोडला नाही. मी सोड म्हणालोही नाही. मास्तरांशी बोललो तेव्हा कळलं की मंगळवार-गुरुवारी नुसती पकडापकडी असते, ठोसे नाहीत, पाडणं आणि दाबून धरणं. तो आता त्या दोन दिवसांना जातो, आणि रविवारी पहाटे तालमीत. अठरा पूर्ण झाल्यावर काय करायचं ते तो ठरवेल. तसं त्यानं मला ऐकवलंही आहे.

परवा तालमीतून आला तर उजवा कान सुजून लाल. हौदात डोकी घासून घासून कानात रक्त साकळतं, मग कान आक्रसतो, पैलवानाची ती खूणच. अम्मीनं त्याला खिडकीशी नेलं, कान इकडून तिकडून बघितला आणि मला विचारलं, "कान मुँह में आता क्या?"

मी वजू, म्हणजे नमाजाआधीचं हात-तोंड धुणं, आठवला. इस्लामी कायद्याच्या हनफी परंपरेत चेहरा म्हणजे कपाळाच्या केसांपासून हनुवटीखालपर्यंत आणि या कानाच्या पाळीपासून त्या कानाच्या पाळीपर्यंत. कान डोक्यात मोजतात, चेहऱ्यात नाही. तसं सांगितलं.

"मालूम है," ती म्हणाली, आणि हळद गरम करायला आत गेली. "तेरे अब्बा का भी ऐसाच था."